उडीच्या आधीची शिट्टी

गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत, भर रस्त्यात, हलगी रंगात आलेली असताना मला लघवी झाली. थेंब-दोन थेंब नव्हे, पायावरून ओघळ आला एवढी. आमच्या भागातल्या बायकांच्या लेझीम पथकाच्या मी अगदी पुढे होते. तोंडात शिट्टी, डोक्याला फेटा, अंगावर फिकट पिवळं नऊवारी, आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बैठक मारली, शिट्टी फुंकली, उडी घेतली आणि पाय खाली टेकायच्या आत सगळं उरकलं होतं.

मी वाकून घोटा धरला. पाय मुरगळला, असं ओरडून सांगितलं. एरवी खोटं बोलायचं तर माझी ततपप होते, त्या दिवशी मुळीच झाली नाही. माझ्यामागे पहिल्या ओळीत विणकरांच्या घरातली एक बाई असते. घरी तेलुगू बोलते, मला अक्का म्हणते. तिच्या हातात शिट्टी दिली, लेझीम पाठीमागे आडवी धरली आणि लंगडत बोळात शिरले. मागे हलगी चालूच होती. पथक माझ्यावाचून पुढे गेलं, आणि ते चांगलं खेळतंय हे आवाजावरून कळत होतं याचाही मला राग आला.

मी मुलींच्या शाळेत खेळाची बाई आहे. उभा जन्म मैदानावर गेला. कवायत, कबड्डी, खो-खो, सूर्यनमस्कार, सगळं शिकवलं. आपण सांगावं आणि अंगाने ऐकावं, एवढंच मला माहीत. पाळी गेली तेव्हा बाकीच्या बायका घाम येतो, झोप लागत नाही म्हणून रडत होत्या आणि मी त्यांना पहाटे फिरायला जा म्हणून सांगत होते. त्याच सुमाराला खोकताना थोडं थोडं व्हायला लागलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. सणवार सोडला तर गडद साड्या नेसायला लागले, कुठेही गेले की आधी मोरी कुठे आहे ते बघून ठेवायला लागले, आणि हे सगळं आपण सहज करतोय असं स्वतःला समजावत राहिले.

मिरवणुकीनंतर लंगडणं भाग होतं. शाळेत लंगडले, भाजी आणायला लंगडत गेले, आमच्या ह्यांनी मलम लावून दिलं ते मुकाट्याने लावून घेतलं. घरात माझी थोरली नणंद आमच्याजवळ राहते. माळशिरसकडच्या गावात तिचं आयुष्य गेलं, मुलं कामाधंद्याला पांगल्यावर आम्ही तिला इकडे आणलं. मी तिला वन्सं म्हणते. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन तिच्यापुढे गेले तर ती माझ्या पायाकडे बघत बसलेली.

"काल डावा हुता की," ती म्हणाली.

खरं म्हणजे कोणत्या पायाने लंगडायचं हे ठरवायचंच राहून गेलं होतं.

"आन् मिरवणुकीतनं आल्या आल्या लुगडं धुतलंस. चार भांडी घासायला तुला सकाळ लागती, आन् लुगडं लगीच धुतलंस." तिने चहाचा घोट घेतला. "मलाबी हाय ते. लई वर्सं. खोकलं की हुतं, शिंकलं की हुतं. बायकांच्या जल्माला असतंयच. त्येचं काय एवडं."

मला तिचा राग यायला नको होता, पण आला. असतंयच म्हणजे काय? गुडघा दुखला तर आपण तेल लावतो, डोळ्याला दिसेना तर चष्मा करतो. एवढ्या एका जागेला तेवढं असतंयच म्हणून सोडून द्यायचं? पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने मी म्हणाले, "आता मी काही पुढे उभी राहत नाही, वन्सं. पुढच्या वर्षी शिट्टी दुसरीच्या हातात."

बोलायला सोपं होतं. पण ते पथक मी उभं केलं होतं. ज्या बायका रस्ता ओलांडताना पदर सावरून कडेकडेने जायच्या, त्यांना मी रस्त्याच्या मधोमध उभं केलं होतं. पहिल्या वर्षी मंडळाच्या पोरांनी आम्हाला सगळ्यात शेवटी, जनरेटरच्या गाडीमागे ठेवलं. धूर खात खेळलो. पुढच्या खेपेला मी भांडले आणि आम्ही गणपतीच्या थेट पुढे आलो. दिवसभर मैदानावर मी बाई असते, घरात कुणाची तरी कोणीतरी असते. त्या शिट्टीमागे मात्र मी माझी मी असते. ती सोडायची या विचाराने हिवाळाभर मला कशात गोडी वाटेना. हसणंसुद्धा कमी केलं, कारण हसलं तरी व्हायचं.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं आणि मी अक्कल पाजळली. पाणीच कमी प्यायचं, म्हणजे प्रश्नच मिटला. सोलापूरच्या उन्हात खेळाच्या बाईने पाणी तोडायचं, याला काय म्हणावं? आठ-दहा दिवसांत लघवीला आग व्हायला लागली आणि ताप भरला. मग डॉक्टरीणबाईंकडे जाणं आलंच. त्यांनी लघवी तपासली, औषध दिलं, आणि पाणी सोडल्याबद्दल माझी अशी हजेरी घेतली की माझ्या शाळेतल्या मुलींना दाखवायला हवी होती. पाणी कमी पडलं की लघवी तीव्र होते आणि लघवीच्या पिशवीला उलट जास्त टोचते, म्हणाल्या. मग आपोआप बाकीचंही तोंडातून बाहेर पडलं. मिरवणूक, उडी, सगळं.

त्यांना काहीच नवल वाटलं नाही. पाळी गेली की तिथली कातडी पातळ पडते, खालून आधार देणारे स्नायू ढिले पडतात, म्हणाल्या. "पण स्नायू आहे ना तो? मग व्यायामाने घट्ट होतो. हे तुम्हाला मी सांगायचं?" मला लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. व्यायाम म्हटलं की गोष्ट माझ्या मैदानात आली.

त्यांनी मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. टेंभुर्णीची पोरगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, आवाज बारीक पण बोलणं पक्कं. तिने आधी सगळं समजावून सांगितलं, विचारलं, मग हातमोजा घालून आतून तपासलं. "आता आवळा," म्हणाली. मी आवळलं. छाती पुढे, खांदे मागे, पोट आत, ढुंगण घट्ट, श्वास बंद. बघणाऱ्याला वाटावं, आडवी पडून झेंडावंदन करतेय.

"मॅडम," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळं अंग आवळलंत. आणि जे आवळायचं होतं, ते तेवढं खाली ढकललंत."

मी उठून बसले. म्हणजे इतकी वर्षं मुलींना सावधान शिकवताना मी जे करत होते, तेच मला नडत होतं. वरून पोट दाबायचं, श्वास कोंडायचा, आणि सगळा भार खालच्या त्या बिचाऱ्या स्नायूंवर.

"पंगतीत बसलाय," ती म्हणाली, "आणि वारा सरेल असं वाटतंय. काय कराल?"

"अडवेन."

"शेजारणीला कळू न देता?"

"न कळू देता."

"तेवढंच करायचं. मागून सुरुवात करून पुढे आणायचं, आत घ्यायचं, वर उचलायचं. श्वास चालू पाहिजे. मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. आणि लघवीला बसल्यावर मध्येच थांबवून बघू नका, त्याने सवय बिघडते."

घरी आल्यावर मी आडवी पडून करायला लागले आणि मला पहिल्यांदा कळलं की हा व्यायाम किती अवघड आहे. यात काहीच दिसत नाही. हात वर जात नाही, पाय पुढे येत नाही, आकडे मोठ्याने म्हणायचे नाहीत. माझं सगळं शिकवणं बघण्यावर. मुलीचा गुडघा वाकला की मला शंभर फुटांवरून दिसतो. इथे आपलंच अंग आणि आपल्यालाच पत्ता नाही. पहिले काही दिवस तर नेमकं काय हललं आणि हललं की नाही तेही सांगता आलं नसतं. मग एका दुपारी, पंखा फिरत होता, बाहेर रस्ता ओस पडला होता, आणि मला आत काहीतरी उचललं गेल्याचं स्पष्ट जाणवलं. खांदे ढिले, पोट मऊ, श्वास चालू, आणि तरी ते उचललेलं. मी एकटीच हसत सुटले. हसताना थोडं झालंच, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

वन्संना शिकवायचं मी मनावर घेतलं. "दिसत न्हाय तर झालं का न्हाय ते कळायचं कसं?" तिचा पहिला प्रश्न. मग तिला ती पंगतीची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की आधी उठून मोरीत जाऊन आली. ज्वारी निवडायला बसली की ती करायची. ती बोलायची थांबली की समजायचं, व्यायाम चालू आहे. म्हणजे श्वास कोंडलेला. मी सांगितलं, "वन्सं, करताना बोलता आलं पाहिजे. बोलता आलं तर श्वास चालू आहे." तेव्हापासून ती व्यायाम करताना अखंड बोलायला लागली. आमचे हे एकदा विचारत आले, "ताई एवढं काय बोलतीय एकटीच?" मी म्हटलं, "व्यायाम करतायत." ते दारातूनच मागे फिरले आणि पेपर वाचायला गेले.

आडवं पडून जमलं, मग बसून, मग उभ्याने. थोडं धरून ठेवायचं, थोडं झटपट. फिजिओ मुलीने आणखी एक गोष्ट शिकवली: खोकला येतोय, शिंक येतेय असं वाटलं की तिच्या आधी उचलायचं. नंतर नाही. आणि दाराला किल्ली लावताना एकदम जोराची लागली तर पळायचं नाही. उभं राहायचं, चार-पाच वेळा भराभर उचलायचं, कळ ओसरली की चालत जायचं. मी माझ्याच दारापुढे अशी कितीदा पुतळ्यासारखी उभी राहिले. शेजारणीला वाटलं, किल्ली हरवली.

उन्हाळ्याच्या अखेरीला आम्ही वर्षाचं तिखट केलं. वन्सं मिरच्या भाजायला बसली, मी खिडक्या उघडत होते, आणि तो ठसका उठला. तुम्ही कधी त्या धुरात सापडला असाल तर सांगायला नको. दोघींना शिंका सुरू झाल्या, थांबेचनात. प्रत्येक शिंकेआधी मी उचलत होते. समोर वन्संचा चेहराही एकदम गंभीर व्हायचा आणि मग ती शिंकायची. धूर निवळल्यावर आम्ही डोळे पुसत एकमेकींकडे बघितलं.

"तुजं?" तिने विचारलं.

"कोरडं. तुमचं?"

"व्हय की," ती म्हणाली, आणि हातातलं उलथनं फरशीवर आपटलं. इतका आनंद मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

आषाढात मी बायकांना निरोप धाडला. यंदा शिट्टी माझीच. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सराव सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी उभ्या चाली झाल्या, पुढे-मागे झुकणं झालं, सगळं छान. मग मी बैठक मारली, शिट्टी फुंकली, उडी घेतली. आणि झालं. गेल्या वर्षाएवढं नाही, पण झालं.

त्या वेळी मला जे वाटलं ते सरळ लिहिते. मला रडू फुटलं. मिरचीच्या धुरात जिंकलेली मी, आणि माझ्याच मैदानावर, माझ्याच खेळात हरले. सराव लवकर सोडला. घरी येऊन वन्संना म्हणाले, नाही होत माझ्याने, शिट्टी देऊन टाकते. ती म्हणाली, "दे की. पन आदी त्या पोरीला जाऊन इचार. म्हागनं दे."

दुसऱ्या दिवशी गेले. "उडी मारताना उचलत होते मी," मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले. ती म्हणाली, "करून दाखवा. अगदी मैदानावर करता तसं." मी वर्तमानपत्राची गुंडाळी लेझीम म्हणून धरली, पर्समधून शिट्टी काढली, बैठक मारली आणि फुंकून उडी घेतली. त्या छोट्या खोलीत शिट्टी अशी घुमली की बाहेर बसलेले पेशंट दारात आले.

ती मुलगी हसत नव्हती. ती शिट्टीकडे बघत होती. "मॅडम, ही तुम्ही उडीबरोबर फुंकता?"

"मग कधी फुंकायची? शिट्टीवरच तर उडी असते."

"बाकीच्यांची. तुमची उडी आणि तुमची फुंक एकदम होते. एवढ्या जोरात फुंकलं की पोटातून सगळा दाब खाली जातो, त्यात बैठक, त्यात उडी. तीन ओझी एकदम. तुम्ही उचलता, पण उचलेपर्यंत फुंक होऊन गेलेली असते."

मी खाली बसले. पथकात सगळ्या उडी मारतात. उडी आणि फुंक एकाच क्षणाला करणारी मी एकटीच. खेळाची बाई म्हणून मी गुडघे तपासले, घोटे तपासले, आणि तोंडातली वस्तू कधी मोजलीच नाही.

उपाय आम्ही दोघींनी मिळून तिथेच काढला. मोठी शिट्टी एक ठोका आधी, उभ्यानेच. ती झाली की बैठक. बैठकीत एक बारीक, हलकी शिट्टी, नुसती ओठाने वाजवल्यासारखी. त्या बारीक शिट्टीवर उचलायचं. मग हलगीच्या ठोक्यावर, तोंडाने श्वास सोडत उडी. मी त्या खोलीत ते इतक्यांदा केलं की शेवटी ती मुलगीही माझ्याबरोबर उड्या मारायला लागली. शेवटच्या चार उड्या कोरड्या गेल्या.

आता पथकाला सांगणं आलं. चाल बदलली म्हटल्यावर बायका कटकट करणारच. "ही बारीक शिट्टी कशाला?" पहिल्याच संध्याकाळी एकीने विचारलं. उत्तर म्हणून काहीतरी ठोकून देता आलं असतं, ताल सुधारतो वगैरे. पण लंगडून लंगडून मी कंटाळले होते. सगळ्यांना जवळ बोलावलं, मैदानावर खाली बसवलं आणि सांगितलं. गेल्या वर्षी पाय मुरगळला नव्हता. काय झालं होतं, का झालं होतं, आणि त्यावर काय करते आहे.

मला वाटलं, आता ह्या उठून जाणार. मग ती पहिल्या ओळीतली, मला अक्का म्हणणारी, पदराशी चाळा करत म्हणाली, "अक्का, मी तर खरी उडी मारतच नाही. नुसते टाचा उचलते."

मग मागून एक आवाज आला, "आम्ही म्हणून तर मागं राहतो." आणि त्याच्यामागून हशा. दर वर्षी मागच्या ओळीतल्या जागेसाठी भांडणं का होतात, ते मला त्या संध्याकाळी कळलं. मला वाटायचं, लाजतात.

मग काय, मी शिकवायला लागले. रोज सरावाआधी सगळ्या मैदानावर आडव्या, डोळे मिटून, गुडघे वाकवून. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं बायका ध्यान करतायत. कुणाला लगेच जमलं, कुणाला आठवडे लागले, एकीला फारच त्रास होता आणि अंग खाली उतरल्यासारखं वाटायचं, तिला मी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वन्सं कडेला खुर्ची टाकून बसायची आणि ज्या बाईचा श्वास कोंडलाय तिला ओरडायची, "अगं बोल की, बोल कायतरी."

विसर्जनाचा दिवस आला. मी मुद्दाम फिकट पिवळं नऊवारी नेसले, तेच. गणपतीपुढे पथक लागलं, हलगीवाल्याने हलगी शेकून घेतली, आणि आम्ही निघालो. ऊन उतरलेलं होतं, गुलालाने रस्ता लाल झालेला. पहिला चौक उभ्या चालींत गेला. मग गर्दी दाटली, हलगी चढली आणि मला माहीत होतं की आता ती बैठक-उडीची चाल आलीच पाहिजे, लोक तिच्यासाठीच थांबलेत.

मोठी शिट्टी फुंकली. चाळीसेक लेझमी एकदम खाली आल्या. बैठकीत मी बारीक शिट्टी दिली, आणि माझ्यामागे, सगळ्या गावादेखत, कुणाच्या डोळ्यांना काहीही न दिसता, त्या सगळ्या बायकांनी एकदम उचललं. मला ते कळलं. कसं ते विचारू नका, पण कळलं. मग हलगीचा ठोका पडला आणि आम्ही उडालो. पुन्हा बैठक, पुन्हा बारीक शिट्टी, पुन्हा उडी. मागची ओळसुद्धा उडाली. तिचा धप्प आवाज मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला. लोक ओरडायला लागले, हलगीवाला सोडेना, आणि मी पण त्याला सोडलं नाही. किती उड्या झाल्या ते मला ठाऊक नाही. मध्ये एकदा मी विसरूनच गेले की मला काही त्रास होता.

पाठ घामाने भिजली होती, पोलकं भिजलं होतं, फेट्याखाली केस भिजले होते. आणि जिथे कोरडं राहायला पाहिजे होतं, तिथे मी कोरडी होते.

खेळ संपल्यावर मी कडेला आले. वन्सं फुटपाथवर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. उन्हात घातलेलं धुणं वाळलं का बघतात, तसा तिने माझ्या मागून लुगड्यावरून हात फिरवला, सगळ्यांदेखत. मग तो हात स्वतःच्या लुगड्याला मागून लावून बघितला.

"तुज्या समद्या शिट्ट्यांवर मीबी उचललं हितनं," ती म्हणाली. "आन् पोरी, मी शेवटी शेवटी उडी मारली."